पाकिटावर ३२००, आत २६६६

एक काम करा. डेस्कटॉप सुरू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. खाली उजवीकडे 'स्पीड' लिहिलेलं दिसेल आणि त्याच्यापुढे एक आकडा. आता रॅम ज्या पाकिटातून आली ते पाकीट शोधा, नसेल तर बिल. पाकिटावर ३२०० आणि पडद्यावर २६६६? किंवा २४००? मग पैसे तुम्ही पूर्ण मोजलेत आणि माल कमी वापरताय.

दुकानदाराशी भांडायला निघू नका, त्यानं फसवलेलं नाही. मला स्वतःला हे कळायला सात महिने लागले. आणि कळल्यावर मी जे उद्योग केले त्यात चुलत बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. ते पुढे सांगतो. आधी त्या आकड्याचं बघू.

आमचं घर सोनगीरला. धुळ्याहून मुंबई-आग्रा हायवेनं शिरपूरकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर किल्ल्याची टेकडी दिसते, तेच. गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. कॉलेज धुळ्यात, येणं-जाणं एसटीनं. पीसी मी घरीच जोडला. सुटे भाग एका मित्रानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. रायझन ५६००जी प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक आणि ग्राफिक्स कार्ड नाही, कारण बजेट नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा पीसी असाच असेल.

रॅमच्या स्टिकवर मोठ्या काळ्या चिपा दिसतात, त्यांच्याशिवाय एक बारकी चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. त्यात स्टिकची कुंडली लिहिलेली असते: कोणत्या वेगाला किती व्होल्ट, किती टायमिंग. मदरबोर्ड सुरू होताना ही कुंडली वाचतो आणि त्यातली सगळ्यात बिनधोक ओळ उचलतो. ही ओळ जेडेक या संस्थेनं ठरवलेल्या मानकातली असते. डीडीआर४ असेल तर १.२ व्होल्ट आणि वेग २१३३, २४०० किंवा २६६६. पाकिटावरचा मोठा आकडा कुंडलीत वेगळ्या पानावर असतो. त्या पानाचं नाव एक्सएमपी. इंटेलनं ते २००७ मध्ये, डीडीआर३च्या काळात आणलं. एएमडीनं २०२२ मध्ये डीडीआर५साठी स्वतःचं एक्स्पो काढलं. ते पान मदरबोर्ड आपणहून उघडत नाही. तुम्ही बायोसमध्ये जाऊन (सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं) ती एक ओळ चालू करावी लागते. काही बोर्डांवर तिला डीओसीपी म्हणतात, काहींवर ए-एक्सएमपी. चालू करा, एफ१० दाबून सेव्ह करा, संपलं. पीसी जोडून देणारे बरेच जण हे करत नाहीत. विंडोज चालू झालं की त्यांचं काम झालं.

एक गोंधळ इथेच मिटवतो. सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर हीच रॅम १६०० दाखवतं. घाबरू नका. डीडीआरमधला पहिला डी म्हणजे डबल. घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, म्हणून १६०० चे ३२०० होतात.

आणि विकत घेताना बघायची एक गोष्ट. बाजारात ३२००च्या दोन जातीच्या स्टिक मिळतात. एक १.२ व्होल्टवर, एक्सएमपी न लावता थेट ३२०० ला धावते, पण तिच्यावर सीएल२२ लिहिलेलं असतं. दुसरी १.३५ व्होल्टची, सीएल१६. किमतीत फरक थोडा, कामात बराच. तो का, हे समजायला टायमिंगमध्ये शिरावं लागेल.

कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईड घ्यायला गेला असाल, तर रॅम कशी चालते हे तुम्हाला अर्धं माहीत आहे. भिंतीला लोखंडी कपाट, त्याला खण. खणात फायली. नियम असा की एका वेळी एकच खण उघडा ठेवायचा. तुमची फाईल हवी तर आधी खण ओढून उघडायचा. यात जो वेळ जातो तो टीआरसीडी. उघड्या खणातून नेमकी फाईल काढून खिडकीवर ठेवायची, हा वेळ सीएल. पुढच्या मुलाची फाईल त्याच खणात असली तर नशीब, पुन्हा फक्त सीएलच लागतो. दुसऱ्या खणात असली तर पहिला खण बंद करा, हा टीआरपी (वाहिन्यांचा नव्हे), मग दुसरा उघडा. शिवाय एकदा उघडलेला खण किमान इतका वेळ उघडा राहिलाच पाहिजे अशी एक अट असते, ती टीआरएएस. पाकिटावर १६-१८-१८-३८ असे चार आकडे छापलेले असतात ते हेच: सीएल, टीआरसीडी, टीआरपी, टीआरएएस.

हे आकडे सेकंदात नसतात, घड्याळाच्या ठोक्यांत असतात, आणि इथेच सगळे फसतात. घड्याळ जलद असेल तर प्रत्येक ठोका लहान. म्हणून ३६०० सीएल१८ ही ३२०० सीएल१६ पेक्षा 'हळू' नाही. हिशेब सोपा आहे. सीएलला २००० नं गुणा आणि वेगानं भागा, उत्तर नॅनोसेकंदात. १६ गुणिले २००० भागिले ३२००, बरोबर १०. १८ गुणिले २००० भागिले ३६००, पुन्हा १०. आता ती सीएल२२ वाली ३२०० बघा: १३.७५. आणि माझी रॅम सात महिने ज्या २६६६ सीएल१९ वर रांगत होती ती १४.२५. नव्या डीडीआर५चं कौतुक ऐकून मोठ्या अपेक्षेनं ४८०० सीएल४० घ्याल तर १६ च्या वर. डीडीआर५ ६००० सीएल३० घ्या, परत १०.

गंमत म्हणजे वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या डीडीआर४०० मधली चांगली, सीएल२ ची स्टिक घेतली तरी उत्तर १० च येतं. तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म झालेला नव्हता. मग इतकी वर्षं वाढलं काय? रुंदी. त्या स्टिकमधून सेकंदाला ३.२ जीबी डेटा जायचा, ६००० च्या डीडीआर५मधून ४८ जातो. आमचा हायवे आधी दोन पदरी होता, आता चौपदरी झाला. गाड्या कितीतरी जास्त जातात. पण फाट्यावरच्या टपरीवर चहा उकळायला लागायचा तितकाच वेळ आजही लागतो.

म्हणून कामाला हात लावायच्या आधी स्वतःला विचारा, तुम्हाला कमी काय पडतंय, रस्त्याची रुंदी की चहाचा वेळ? ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीचं उत्तर ठरलेलं आहे: रुंदी. प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग स्वतःची मेमरी बाळगत नाही, तुमच्याच रॅममधून ओढतो. त्यामुळे सोळा जीबीची एकच स्टिक टाकून बसला असाल तर टायमिंगची चर्चा आत्ता बंद करा. एका स्टिकला ३२०० वर २५.६ जीबीचा रस्ता मिळतो, दोन स्टिकना ५१.२ चा. आठ-आठच्या दोन घ्या आणि चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. पहिल्या-दुसऱ्यात शेजारी-शेजारी लावलेल्या मी तीन पीसीत बघितल्यात. तिघांचे मालक फ्रेम अडकतात म्हणून गेमला शिव्या देत होते.

सगळ्यांनाच हा खेळ खेळता येत नाही हेही सांगून टाकतो. इंटेलच्या एच४१०, एच५१०, एच६१० चिपसेटच्या बोर्डांवर रॅम ठरलेल्या मर्यादेपुढे नेता येत नाही. बी५६० पासून पुढच्या बी मालिकेत येते. एएमडीचे स्वस्त बोर्ड या बाबतीत बरेच उदार आहेत. लॅपटॉपवाल्यांनी हा लेख माहिती म्हणून वाचावा. लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही पानं बहुधा नसतातच.

आता माझे उद्योग.

एक्सएमपी लावलं, पडद्यावर ३२०० आलं आणि हाताला चव लागली. जानेवारीची सुट्टी होती. धुळ्याची थंडी तुम्हाला ठाऊक असेल, पारा कधी ६-७ अंशांपर्यंत उतरतो. रात्री गोधडी पांघरून बसायचो आणि बायोसमध्ये एकेक आकडा हलवायचो. रीतसर केलं, हे मुद्दाम सांगतो. आधी फक्त वेग ३६०० केला आणि टायमिंग सैल सोडल्या, १८-२२-२२-४२. व्होल्ट १.३५ वरून १.४. सुरू झालं. मग सीएल १६. मग टीआरसीडी एकेकानं खाली. दर बदलाला वहीत नोंद, दर बदलानंतर टेस्ट. एका वेळी एकच आकडा. दोन हलवलेत आणि पीसी उठला नाही, तर चोर कोण हे कळत नाही.

३६०० लाच का थांबलो? रायझन ३००० आणि ५००० मालिकेत प्रोसेसरच्या आतला रस्ता, ज्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात, तो रॅमच्या घड्याळाशी पावलाला पाऊल जुळवून चालतो. साधारण ३६०० पर्यंत बहुतेक चिपा हे निभावतात. माझ्या मालिकेतल्या काही चिपा त्याच्याही पुढे जातात. पण एकदा का पाऊल चुकलं की मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगावर उतरतो आणि आकडा वाढूनही काम मंदावतं. ४००० लिहिलेली महागडी स्टिक घेऊन अशी मागे गेलेली मंडळी आहेत. आणखी एक बारकावा: बायोसमध्ये 'गिअर डाउन मोड' चालू असेल तर विषम सीएल चालत नाही. तुम्ही १५ लिहा, तो गुपचूप १६ करतो. मी दोन रात्री १५ सीएल जमल्याच्या आनंदात होतो.

पीसी उठला नाही असं चार वेळा झालं. पडदा काळा, पंखे फिरताहेत, काही नाही. पहिल्यांदा पोटात गोळा आला. आजोबा खाटेवरून बघत होते. "काय करी ऱ्हायना रे?" मी म्हटलं, काही नाही. "बिघडी गया का?" बिघडलेलं नसतं. बोर्ड दोन-तीनदा स्वतः प्रयत्न करतो, थोडा धीर धरा. नाहीच जमलं तर बटण बंद, वायर काढा, बोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटं बाजूला ठेवा, परत लावा. बायोस सगळं विसरतो आणि बिनधोक ओळीवर येतो. चुकीच्या टायमिंगनं रॅम जळत नाही, चुकीच्या व्होल्टनं जळू शकते. डीडीआर४ला १.४ च्या पुढे जायला मी तरी आपल्या हवेत सांगणार नाही. आणि फक्त रॅमच्याच व्होल्टवर लक्ष ठेवून भागत नाही. २०२३ मध्ये एएमडीच्या नव्या रायझन ७००० मालिकेतल्या काही चिपा जळाल्या. एक्स्पो चालू केलं की काही बोर्ड प्रोसेसरमधल्या एसओसी भागाला नको तितके व्होल्ट देत होते. शेवटी एएमडीनं १.३ व्होल्टची मर्यादा घालून बायोस अपडेट आणले. त्या मालिकेचा पीसी असेल आणि बायोस तेव्हापासून बदलला नसेल तर आधी तो बदला. बदलताना लाइट जाणार नाही याची सोय करा, यूपीएसशिवाय हात लावू नका. बायोस अर्धा लिहिला गेला आणि लाइट गेली, तर बॅटरी काढून तो परत येत नाही.

तर जानेवारीच्या शेवटी माझी रॅम ३६०० वर, १६-१९-१९-३९ अशी धावत होती. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर लावलं. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, चारही फेऱ्या झाल्या, चुका शून्य. इथे थांबलो असतो तर हा लेख इथेच संपला असता. पण खालच्या रांगेत टीआरएफसी नावाचा एक आकडा ६३० दिसला. सगळे आकडे १६-१९ च्या घरात आणि हा एकटा सहाशेवर? मी तो ४५० केला. पुन्हा रात्री टेस्ट, पुन्हा शून्य. झोपलो.

मे महिन्यात, आखाजीच्या आसपास बहिणीचं लग्न झालं. फोटोग्राफरचे फोटो वेगळे. घरच्यांनी घरच्या कॅमेऱ्यानं काढलेले, हळदीचे, मांडवातले, जेवणावळीतले सगळे मी पीसीवर उतरवून घेतले आणि कार्ड फॉरमॅट करून परत दिलं, कारण दुसऱ्या दिवशी ते अजून एका लग्नाला जायचं होतं. दुपारची वेळ, बाहेर ४३, आणि माझी खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. पीसी एकदाही अडकला नाही. निळा पडदा नाही, काही नाही. आठ दिवसांनी फोटो उघडले तेव्हा काही फोटो निम्म्यापर्यंत ठीक आणि खाली सगळे रंग सरकलेले. काहींवर राखाडी पट्टा. आमचे आजोबा फोटोत हसत नाहीत, लग्नाच्या अल्बमातसुद्धा गंभीर. एका फोटोत हसले होते. त्यात हनुवटीपासून खाली राखाडी.

कार्डवरून डिस्कवर फाईल जाते ती रॅममधून जाते. वाटेत एक बिट उलटा झाला, शून्याचा एक झाला, तर डिस्कवर चुकीचंच लिहिलं जातं आणि कोणी ओरडत नाही. गेम चालू असेल तर पडद्यावर एखादा ठिपका चुकीचा दिसेल, तुम्हाला कळणारही नाही. पण जेपेग फोटोत प्रत्येक पुढचा तुकडा मागच्यावर टेकलेला असतो. एक बिट ढळला की तिथून खाली सगळं सरकतं. तुमच्या प्रोजेक्टच्या झिप फाईलचंही हेच होणार. ती सबमिशनच्या दिवशी उघडणार नाही, इतकंच.

चूक कुठे होती? स्टिकमध्ये नाही, माझ्या टीआरएफसीत. रॉबर्ट डेनर्ड नावाच्या इंजिनिअरनं १९६६ मध्ये आयबीएममध्ये एक साधी कल्पना मांडली: एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. १९६८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आजची सगळी रॅम याच कल्पनेवर उभी आहे. डेनर्ड २०२४ मध्ये गेले. कल्पनेतली खोट पहिल्या दिवसापासून माहीत होती, कपॅसिटर गळका असतो. त्यातला विद्युतभार झिरपून जातो, म्हणून सगळं काम थांबवून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. हे रिफ्रेश. डीडीआर४ मध्ये प्रत्येक बिट ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा भरला गेला पाहिजे. त्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रॅम थोडा वेळ सगळ्यांना 'थांबा' म्हणते. किती वेळ थांबा, तो आकडा म्हणजे टीआरएफसी.

सोनगीरला तांबट काम करताना बघितलंत तर हे लगेच समजेल. तांबं ठोकून ठोकून कडक होत जातं. ठराविक ठोक्यांनंतर कारागीर हातोडा खाली ठेवतो आणि भांडं भट्टीत धरून पुन्हा नरम करून घेतो. भट्टीत असताना ठोकता येत नाही, तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. घाईनं भांडं लवकर बाहेर काढलं, तर लगेच काही दिसत नाही. पुढे कधीतरी काठाला चीर पडते. मी नेमकं हेच केलं होतं, भट्टीचा वेळ कापला. इथे उपमा थांबते, कारण तांब्याला उष्णता नरम करते आणि रॅमला उष्णता जास्त गळकी करते. मानकात तर स्पष्ट आहे, चिप ८५ अंशांच्या वर गेली की रिफ्रेश दुप्पट वेळा करायचा. माझी चिप ८५ ला गेली नसणार. पण जानेवारीच्या रात्री जो आकडा काठावर पास झाला होता, त्याला मेच्या दुपारी काठच उरला नव्हता.

नंतर एकदा हिशेब केला. ३६०० वर ६३० ठोके म्हणजे ३५० नॅनोसेकंद, ४५० म्हणजे २५०. दर ७८०० नॅनोसेकंदांमागे मी १०० वाचवले. सव्वा टक्का. सव्वा टक्क्यासाठी आजोबांची हनुवटी गेली.

इंटेलच्या बोर्डांवर आणि डीडीआर५च्या रायझनवर टीआरईएफआय नावाचा अजून एक आकडा हाताशी असतो: दोन रिफ्रेशमधलं अंतर. तो वाढवला की बेंचमार्कमध्ये मस्त आकडे दिसतात, म्हणून व्हिडिओंमध्ये तो हमखास सांगतात. ते व्हिडिओ बहुधा एसीच्या खोलीत बनलेले असतात. आणि डीडीआर५च्या चिपेत आत चूक दुरुस्त करण्याची सोय असते, ती आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती चिपेच्या पोटातली एकेक बिटची चूक सुधारते. चिपेतून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय होतं, ते ती बघत नाही.

मग टेस्ट कशी करायची? रात्री नाही. रात्री मी केली होती. दुपारी बारा ते चार, खोलीचं दार लावून, कॅबिनेटचं झाकण बसवून. मेमटेस्ट८६ एकटं पुरत नाही, कारण ते चालू असताना ग्राफिक्स थंड असतं. ते झालं की विंडोजमध्ये येऊन टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी लावा. शिवाय तास-दोन तास जड गेम खेळा आणि गरम पीसीवर लगेच पुन्हा टेस्ट घ्या. एक चूक आली तरी नापास. पस्तीस टक्क्यांना पास करणारी ही परीक्षा नाही. डीडीआर५च्या स्टिकमध्ये तापमान मोजायची सोय असते, एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दिसतं. डीडीआर४च्या बऱ्याच स्टिकमध्ये नसतं, तिथे पाठीमागून येणाऱ्या हवेला हात लावून अंदाज. आणि कृपा करून झाकण काढून समोर घरचा कूलर लावू नका. थंड वाटतं, पण त्या हवेत पाणी असतं, आपल्याकडच्या पाण्यात क्षार असतात, आणि चार महिन्यांनी रॅमच्या सोनेरी दातांवर पांढरं काहीतरी दिसतं. ते मी एका मित्राच्या पीसीत खोडरबरानं घासून काढलंय. सोपा उपाय म्हणजे पुढे एक, मागे एक असे दोन साधे पंखे आणि महिन्यातून एकदा धूळ.

हे सगळं करून मिळतं काय, असा प्रश्न घरचे विचारतीलच. प्रामाणिकपणे सांगायचं तर एक्सएमपी चालू करणं आणि दोन स्टिक लावणं, यात बहुतेक सगळी कमाई आहे. ती फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर हातानं टायमिंग घट्ट करून तुम्हाला फरक जाणवणारही नाही, आकड्यात दिसेल. माझ्यासारखं कार्ड नसेल तर २६६६ ते ३६०० हा प्रवास गेममध्ये डोळ्यांना दिसतो. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जे चढले, त्यानंतर नवी स्टिक घ्यायच्या गोष्टी आमच्या ग्रुपमध्ये कोणी करत नाही. आहे त्यातून जितकं निघेल तितकं काढायचं, म्हणून तरी हा नाद बरा. माझं मत विचाराल तर वेग आणि पहिले चार आकडे यांच्याशी खेळा, टीआरएफसीच्या वाटेला जाऊ नका. गेलातच तर ज्या पीसीवर घरच्यांची एकुलती एक प्रत आहे त्यावर नको. प्रयोगाच्या दिवसांत मी आता डेटाची डिस्क सुटी करून ठेवतो. दोन स्क्रू आणि एक केबल.

बायोसमध्ये सेटिंग साठवायला जागा असतात. माझ्याकडे आता दोन साठवलेल्या आहेत. पहिली म्हणजे पाकिटावरचं एक्सएमपी, ३२००. काही अडलं तर तिच्यावर परत येता येतं. दुसरी ३६००, १६-१९-१९-३९, टीआरएफसी पुन्हा ६३०.

यंदा आखाजीला मुद्दाम दुसरी लावली. पत्र्याची खोली, दुपारचे दोन, बाहेर ४३. तासभर गेम, मग टेस्ट. मधे लाइट गेली, यूपीएसनं तारलं, पण पंखा बंद झाला आणि मी घामानं निथळत पडद्यावरचा चुकांचा आकडा बघत बसलो. संध्याकाळी पाचला शेवटची फेरी संपली. शून्य. खाली जाऊन आजोबांना अंगणात खुर्चीवर बसवलं आणि फोटो काढला. पीसीवर उतरवला, उघडून बघितला, वरपासून खालपर्यंत नीट आला आहे.

हसले नाहीत.